मोन्फ्राग्वे राष्ट्रीय उद्यान: स्पेनमधील भूमध्यसागरी अरण्य पाहू इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोन्फ्राग्वे कोठे आहे आणि ते इतके महत्त्वाचे का मानले जाते?

स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सीमेला लागून असलेल्या एक्स्त्रेमादुरा प्रदेशातील कासेरेस प्रांतात हे उद्यान आहे. क्वार्टझाइट खडकाच्या लांबट डोंगररांगा, त्यांना कापत जाणारी ताहो नदी आणि तिला येथेच येऊन मिळणारी तिएतार नदी, एवढा त्याचा मूळ आराखडा. क्षेत्रफळ सुमारे १८,००० हेक्टर, म्हणजे साधारण १८० चौरस किलोमीटर. समुद्र येथून फार दूर आहे, तरीही या वनाला भूमध्यसागरी म्हणतात, कारण हवामान आणि वनस्पती त्या प्रकारच्या आहेत: पाऊस हिवाळ्यात आणि त्याच्या आगेमागे पडतो, उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा जातो आणि पाणी जपण्यासाठी झाडांची पाने लहान, जाड व चिवट होतात. आपल्याकडे जून महिन्यात रान हिरवे होऊ लागते, तेव्हा तेथील गवत वाळून पिवळे पडलेले असते.

या प्रकारचे वन एकेकाळी भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत मोठ्या प्रमाणावर होते. शेती, लाकूडतोड, आगी आणि वस्ती यांमुळे त्याचे तुकडे झाले. मोन्फ्राग्वेमध्ये त्याचा सलग आणि दाट भाग टिकून राहिला, आणि म्हणून येथे शिकारी पक्ष्यांची जी गर्दी आढळते ती युरोपात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

हे जंगल मानवी हस्तक्षेपापासून दूर राहिले म्हणून वाचले का?

नाही. हा गैरसमज दूर झाल्याखेरीज उद्यान नीट समजणार नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

१९६०च्या दशकात ताहो व तिएतार या दोन्ही नद्यांवर येथे धरणे बांधली गेली. आज डोंगराच्या पायथ्याशी दिसणारे संथ, रुंद पाणी हे वाहत्या नदीचे मूळ रूप नसून जलाशयाचे आहे. नदीकाठची मूळ झाडी त्या पाण्याखाली गेली. त्यानंतर कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावण्याची योजना आली. उतारावरील जुने ओक आणि झुडपे यंत्रांनी उखडून, डोंगराला पायऱ्यापायऱ्यांचे कापे घेऊन तेथे निलगिरीच्या रांगा लावण्यात आल्या. हेसूस गार्सोन या निसर्गप्रेमी कार्यकर्त्याने याविरुद्ध चिकाटीने लढा दिला, आणि त्या लढ्यातून १९७९ साली मोन्फ्राग्वेला नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये युनेस्कोने उद्यान आणि भोवतालचा मोठा परिसर मिळून सुमारे १,१६,००० हेक्टर भूभाग जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला, आणि २ मार्च २००७ रोजीच्या कायद्याने मोन्फ्राग्वे राष्ट्रीय उद्यान झाले.

निलगिरी पुढे टप्प्याटप्प्याने काढण्यात आली आणि तेथे स्थानिक वनस्पतींना परत वाव देण्यात आला. मात्र यंत्रांनी घेतलेले कापे काही उतारांवर अजून स्पष्ट ओळखू येतात. अशा उतारावरील विरळ झुडपे आणि शेजारच्या न कापलेल्या उतारावरील दाट रान यांची तुलना पर्यटकाने आवर्जून करावी. माती एकदा हलली की वन परत येण्यास किती काळ लागतो, हे तेथे माहितीफलकाशिवाय कळते.

डोंगराच्या दोन बाजूंवरील झाडी इतकी वेगळी का दिसते?

येथील रांगा साधारणपणे पूर्व-पश्चिम धावतात, त्यामुळे प्रत्येक रांगेला एक दक्षिणमुखी व एक उत्तरमुखी बाजू असते. उन्हाकडच्या बाजूला स्थानिक लोक सोलाना म्हणतात आणि सावलीकडच्या बाजूला उम्ब्रिया. सोलाना बाजूला रानटी ऑलिव्ह, एन्सिना नावाचा सदाहरित ओक, लेन्तिस्को हे सदाहरित झुडूप, रानटी लॅव्हेंडर आणि चिकट पानांचे हारा हे झुडूप वाढते. वसंतात हाराला मोठी पांढरी फुले येतात, आणि उन्हात तापलेल्या त्याच्या पानांतील राळेचा उग्र गोड वास वाटेवर दूरवर येत राहतो.

उम्ब्रिया बाजू दाट, ओलसर आणि थंड असते. तेथे कॉर्क ओक, पानगळी ओकच्या जाती, हेदर आणि मद्रोन्यो हे झाड आढळते. मद्रोन्योला शरद ऋतूत गेल्या वर्षीच्या फुलांपासून पिकलेली लाल फळे आणि यंदाची पांढरी फुले एकाच वेळी लागलेली असतात. फुले आणि फळे दोन्ही एकाच फांदीवर पाहायची असतील, तर नोव्हेंबर हा योग्य महिना. उद्यानातील जुन्या किल्ल्याच्या डोंगराच्या उत्तर बाजूने जाणारी पायवाट हे सर्व जवळून दाखवते, आणि वनस्पतींची आवड असणाऱ्याने फक्त एकच वाट निवडायची असेल तर ती हीच निवडावी असे माझे मत आहे.

देहेसा म्हणजे काय, आणि वन्यजीव पाहायला आलेल्या माणसाने ते का पाहावे?

उद्यानाच्या सीमेबाहेर मैलोन्मैल जे विरळ झाडांचे गवताळ रान दिसते, ते देहेसा. दाट वन शतकानुशतके विरळ करत माणसाने ते घडवले आहे. एन्सिना व कॉर्क ओक अंतराअंतरावर राखलेले, त्यांच्या खाली चराऊ गवत, आणि त्यावर गाई, मेंढ्या, बकऱ्या व काळी इबेरियन डुकरे. ऑक्टोबरपासून हिवाळ्याच्या अखेरपर्यंत ही डुकरे झाडाखाली पडलेली ओकची फळे खाऊन पुष्ट होतात. कॉर्क ओकची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा, उन्हाळ्यात, कुऱ्हाडीने अलगद सोलून काढतात. बाटल्यांची बुचे याच सालीपासून बनतात. झाड मरत नाही, साल पुन्हा वाढते. नुकतेच सोललेले खोड गडद तांबडे दिसते, आणि ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक पुष्कळदा खोडावर रंगवलेला असतो.

आता मूळ मुद्दा. मोन्फ्राग्वेतील गिधाडे घरटी करतात उद्यानात, पण त्यांचे अन्न मोठ्या प्रमाणात येते देहेसामधून, म्हणजे मेलेल्या गुरामेंढ्यांतून. शाही गरुडाला लागणारे ससेही अशा मोकळ्या रानात अधिक असतात. उद्यानाभोवती कुंपण घालून आतील जंगल कितीही जपले आणि बाहेरची पशुपालनाची पद्धत मोडून पडली, तर आतील पक्षी टिकणार नाहीत. म्हणून मोटारीने उद्यानात येताना बाहेरचा हा प्रदेश केवळ मधला रस्ता समजून वेगाने मागे टाकू नये.

येथे कोणती गिधाडे दिसतात आणि ती ओळखायची कशी?

तीन जाती नियमित दिसतात. ग्रिफन गिधाड सर्वांत सहज दिसते. ते कड्यांच्या कपारीत वसाहत करून घरटी बांधते. उडताना त्याचे अंग व पंखांचा पुढचा भाग फिकट तपकिरी आणि पंखांची मागची पिसे गडद, असे दोन रंग खालून स्पष्ट कळतात. घिरट्या घालताना ते पंख किंचित वर उचलून धरते.

काळे गिधाड हे मोन्फ्राग्वेचे खरे वैभव आहे. येथे त्याच्या तीनशेहून अधिक जोड्या घरटी करतात, आणि जगातील या जातीच्या सर्वांत मोठ्या वसाहतींमध्ये या उद्यानाची गणना होते. पसरलेल्या पंखांची लांबी पावणेतीन मीटरच्या घरात, क्वचित तीन मीटरपर्यंत. दुरून सर्व अंग काळे दिसते, आणि उडताना पंख फळीसारखे सपाट राहतात. ग्रिफनप्रमाणे कड्यावर न राहता ते उतारावरील ओकच्या माथ्यावर काटक्यांचे प्रचंड घरटे रचते आणि वर्षाला एकच अंडे घालते. अंडे उबवायला सात-आठ आठवडे लागतात आणि त्यानंतर पिल्लू उडेपर्यंत तीन-चार महिने जातात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू झालेले काम ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालते. मध्येच कोणी घरट्याजवळ गेले आणि पालक पक्षी उडून गेले, तर त्या जोडीचे संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते. उद्यानाच्या बहुतेक भागात पर्यटकांना प्रवेश नाही, त्यामागील एक मोठे कारण हे आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

तिसरी जात म्हणजे पांढरे गिधाड, जे महाराष्ट्रातही आढळते. स्पेनमध्ये ते आफ्रिकेतून फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये येते आणि सप्टेंबरमध्ये परत जाते. आकाराने लहान, पिवळा चेहरा आणि पाचरीच्या आकाराची शेपटी या खुणांमुळे ते चटकन वेगळे काढता येते.

भारतातील गिधाडांच्या ऱ्हासाशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मराठी वाचकाला तो इतरांपेक्षा अधिक जाणवेल. १९९०च्या दशकापासून भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृत्यूस कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. भारताने २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी घातली. ज्यांनी लहानपणी गावकुसाबाहेर मेलेल्या गुराभोवती गिधाडांची झुंबड पाहिली आणि नंतर ती जागा रिकामी होताना पाहिली, अशी पिढी महाराष्ट्रात अजून आहे. कोकणातील रायगड जिल्ह्यात आणि गडचिरोलीत जी थोडी गिधाडे उरली, त्यांच्यासाठी सुरक्षित अन्नाची सोय करण्याचे प्रयत्न त्यानंतर झाले.

हा सर्व अनुभव जगासमोर असताना स्पेनने २०१३ मध्ये हेच औषध जनावरांसाठी वापरण्यास परवानगी दिली. २०२० मध्ये स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनियात काळ्या गिधाडाचे एक पिल्लू डायक्लोफिनॅकमुळे मेल्याचे आढळले. निरुपद्रवी पर्याय उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे काहीही कारण नव्हते, असे मला ठामपणे वाटते. स्पेनमधील गिधाडांना याआधी आणखी एका कारणाने झळ बसली होती. गुरांमधील मॅड काऊ रोगाच्या साथीनंतर युरोपीय संघाने २००२ मध्ये मेलेली जनावरे रानातून उचलून नष्ट करणे बंधनकारक केले आणि गिधाडांचे अन्न अचानक तुटले. पुढे नियम शिथिल झाले व ठरावीक क्षेत्रांत मृत जनावरे रानातच ठेवण्यास पुन्हा मुभा मिळाली. एक निर्णय औषधाचा, दुसरा स्वच्छतेचा; दोन्ही जंगलापासून दूरच्या कार्यालयांत झाले आणि दोन्हींचा परिणाम या कड्यांवर पोहोचला.

इबेरियन शाही गरुड दिसेल का?

संयम असेल तर शक्यता बरी आहे. हा गरुड फक्त स्पेन व पोर्तुगाल या देशांत प्रजनन करतो. १९७०च्या दशकात त्याच्या जेमतेम पन्नास-साठ जोड्या उरल्या होत्या. विजेच्या खांबांवर धक्का बसून होणारे मृत्यू रोखणे, विषप्रयोगाविरुद्ध कारवाई आणि घरट्यांचे रक्षण यांमुळे आज त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली आहे. सश्यांवर आलेल्या रोगांच्या लाटांनी त्याचे अन्न दोनदा कमी केले, तरीही हे घडले, म्हणून या यशाचे मोल अधिक आहे. उद्यानात मोजक्याच जोड्या आहेत. पोर्तिया देल तिएतार हा तिएतार नदीकाठचा कडा त्यासाठी सर्वांत भरवशाचा समजला जातो. प्रौढ पक्ष्याच्या गडद तपकिरी अंगावर खांद्यापाशी शुभ्र पट्टा असतो. याच कड्यावर संध्याकाळी उजेड मावळताना युरेशियन शृंगी घुबडही पाहायला मिळू शकते.

कोणते सस्तन प्राणी आढळतात? लिंक्स आहे का?

तांबडे हरीण सर्वांत सहज दिसते, विशेषतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा नरांचा माज असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्यांचा खर्जातला हंबरडा दरीभर घुमतो. रानडुक्कर, कोल्हा, पाणमांजर, जेनेट (मांजरासारखा ठिपकेदार प्राणी) आणि मुंगूसही येथे आहेत, पण त्यांपैकी बहुतेक निशाचर किंवा लाजाळू आहेत.

इबेरियन लिंक्स ही दुर्मीळ रानमांजराची जात पाहण्याच्या आशेने मात्र येथे जाऊ नये. एक्स्त्रेमादुरात २०१४ पासून तिला पुन्हा रानात सोडण्याचे काम झाले, आणि त्याची सुरुवात दक्षिणेकडील माताचेल खोऱ्यात झाली. या शतकाच्या आरंभी शंभरच्या आसपास उरलेली लिंक्सची संख्या आता दोन हजारांवर गेली आहे आणि २०२४ मध्ये तिचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला, ही आनंदाची गोष्ट आहे.

पक्षी पाहण्यासाठी कोठे थांबावे आणि किती वेळ?

साल्तो देल हितानो येथून सुरुवात करावी. प्लासेन्सिया ते त्रुहियो हा रस्ता उद्यानातून जातो आणि त्यालगतच हे ठिकाण आहे. समोर, ताहोच्या पलीकडे, पेन्या फाल्कोन हा उभा कडा आहे. ग्रिफन गिधाडांची वसाहत, काळ्या करकोच्यांची घरटी, निळा कस्तूर, कड्यांवर राहणाऱ्या पाकोळ्या, हे सर्व एका जागेवरून दिसते. काळा करकोचा युरोपात बहुतेक ठिकाणी दाट जंगलातील झाडांवर घरटे बांधतो, येथे मात्र तो कड्यावर, गिधाडांच्या शेजारी, बांधतो.

पहाटे फार लवकर पोहोचून गिधाडे उडण्याची अपेक्षा ठेवू नये. एवढा जड पक्षी पंख मारत उंच जाऊ शकत नाही. कडा तापून हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह तयार होऊ लागले की एकामागून एक गिधाडे सुटतात आणि पाहता पाहता डोक्यावर येतात. त्यामुळे सकाळचे पहिले तास लहान पक्षी आणि हरणांसाठी ठेवावेत आणि उन्हे चढू लागल्यावर कड्यासमोर बसावे. अनेक पर्यटक येथे दहा मिनिटे थांबतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. त्यांना गिधाडे दिसतात, पण करकोचा पिल्लांसाठी अन्न घेऊन आलेला, पांढरे गिधाड कपारीत शिरलेले किंवा ग्रिफनच्या थव्यात मिसळलेले एखादे काळे गिधाड त्यांच्या नजरेतून सुटते. येथे किमान अर्धा दिवस द्यावा. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण आवश्यक आहे, आणि स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची शक्तिशाली दुर्बीण) मिळाल्यास घरट्यातील हालचालही पाहता येते.

पायी फिरण्यासाठी कोणत्या वाटा आहेत?

उद्यानातील एकमेव गाव वियारेआल दे सान कार्लोस. अठराव्या शतकात तिसऱ्या कार्लोस राजाच्या काळात, या वाटेवरील दरोडेखोरांना आळा घालण्यासाठी ते वसवले गेले. आज तेथे मोजकी घरे आणि उद्यानाचे माहिती केंद्र आहे. लाल, हिरवी आणि पिवळी अशा रंगखुणांनी दाखवलेल्या तिन्ही मुख्य वाटा येथून निघतात. लाल वाट किल्ल्याकडे जाते आणि लांब आहे. सेरो हिमियोची हिरवी वाट साडेसात किलोमीटरच्या आसपास असून ओढ्याकाठच्या सावलीतून वर चढत मोकळ्या माथ्यावर नेते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना ती सर्वांत सोयीची पडेल. माहिती केंद्रात नकाशा मिळतो आणि कोणती वाट बंद आहे हेही कळते.

किल्ला, प्राचीन चित्रे आणि पूल यांसाठी वेगळा वेळ काढावा का?

किल्ल्यासाठी अवश्य काढावा. अरब राजवटीत बांधलेल्या या किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उभे आहेत, परंतु बुरुजावरून एका बाजूला सोलाना, दुसऱ्या बाजूला उम्ब्रिया आणि दूरवर देहेसा असा संपूर्ण प्रदेश एका दृष्टिक्षेपात येतो. शिवाय तेथे गिधाडे डोळ्यांच्या पातळीवरून जातात. परिसरातील शंभरहून अधिक खडकआश्रयांत प्रागैतिहासिक चित्रे आहेत. त्यांपैकी किल्ल्याजवळची चित्रे आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबतच पाहता येतात.

पंधराव्या शतकात कार्डिनल हुआन दे कार्वाहाल यांनी ताहोवर बांधवलेला पूल मात्र जलाशयाच्या पातळीवर अवलंबून आहे. पाणी चढलेले असेल तर तो दिसत नाही.

कोणत्या महिन्यांत जावे?

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वोत्तम. स्थलांतर करून आलेले पक्षी, रानफुले आणि सुसह्य हवा तिन्ही मिळतात. हरणांसाठी सप्टेंबरअखेर. हिवाळ्यात सभोवतालच्या देहेसांत उत्तर युरोपातून आलेले क्रौंच ओकची फळे टिपताना दिसतात. जुलै-ऑगस्ट टाळावेत, कारण तापमान ४० अंशांवर जाते, वाटांवर सावली कमी आहे आणि वणव्याचा धोका मोठा असतो.

तेथे पोहोचायचे कसे?

भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. माद्रिदहून मोटारीने साधारण अडीच ते तीन तास लागतात, आणि भाड्याची मोटार हाच व्यवहार्य मार्ग आहे. मोन्फ्राग्वे नावाचे रेल्वे स्थानक आहे, पण ते उद्यानापासून बरेच दूर असून तेथून पायी येणे शक्य नाही. नावावर विसंबून त्या स्थानकाचे तिकीट काढू नये.

प्रवेशशुल्क किती, आणि नियम कोणते?

प्रवेश विनामूल्य आहे. खुणा केलेल्या वाटा व रस्ते सोडून आत जाण्यास मनाई आहे. आग पेटवणे, तंबू ठोकणे, वनस्पती वा दगड उचलणे आणि ड्रोन उडवणे यांवरही बंदी आहे. कड्यासमोर मोठ्याने बोलणे किंवा संगीत लावणे हे इतर पर्यटकांना आणि पक्ष्यांनाही त्रासदायक आहे. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. वीण चालू असताना त्यामुळे नर अन्न शोधणे सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामागे शक्ती घालवतो.

मुक्काम कोठे करावा, आणि शाकाहारी जेवण मिळेल का?

तोरेहोन एल रुबियो हे गाव सर्वांत जवळचे व शांत आहे. अधिक सोयी हव्या असल्यास प्लासेन्सिया किंवा त्रुहियो येथे राहावे. या प्रदेशाचा स्वयंपाक मांसप्रधान आहे, आणि मिगास हा शिळ्या पावाचा पदार्थ वरून शाकाहारी वाटला तरी त्यात बहुधा डुकराचे मांस किंवा चरबी असते, म्हणून विचारून घ्यावे. अंडे चालत असल्यास बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) सर्वत्र मिळते. याच प्रांतातील तोर्ता देल कासार हे मेंढीच्या दुधाचे मऊ चीज रानटी काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात, त्यात प्राणिज विरजण नसते, त्यामुळे शाकाहारी माणसाने ते निःशंकपणे खावे. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर मिळते. सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्यांनी पाव, फळे व भरपूर पाणी आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवावे, कारण वाटांवर काहीही विकत मिळत नाही.